मंगलाबाईचं गावाकडचं घर

सुरतेच्या बमरोलीत राहणाऱ्या प्रत्येक खानदेशी माणसाचं गावाकडे एक मोठं घर असतं. इथे तो एका खोलीत पाच जणांत पाय मुडपून झोपतो, सकाळी डबा घेऊन रांगेत उभा राहतो, पण गावाकडे त्याच्या घराला ऐसपैस ओटा असतो, पुढे अंगण असतं, अंगणात निंबाचं झाड असतं आणि झाडाला एक म्हैस बांधलेली असते. ही म्हैस कधी आटत नाही. नवी ओळख झाली की आधी तालुका सांगायचा, मग गाव, मग घर. एवढं झाल्यावर समोरच्याने "मग इकडे कशाला आलात?" असं विचारायचं नसतं. तेवढी रीत सगळेच पाळतात.

मंगलाबाईचं घर या सगळ्यांत थोडं उजवं होतं. शिंदखेड्याच्या बाजूला, गावाच्या वेशीजवळ, हातभर जाड भिंतींचं, वर पांढऱ्या मातीचं धाबं. भर उन्हाळ्यात आत शिरलं की पंखा आठवत नाही, असं ती सांगायची. दुपारी गल्लीतल्या बायका तिच्या दाराशी साड्यांचे लोंबते धागे कापायला बसायच्या. कारखान्यातून गठ्ठे यायचे, कात्र्या चालायच्या, आणि वरचा पत्रा तापून डोकी उकळायला लागली की कोणीतरी म्हणायचं, "मंगलाबाई, तुमचं घर सांगा." मग मंगलाबाई सांगायची. उतरंडीपासून सुरुवात करायची ती देवळीतल्या दिव्यापर्यंत. ऐकणारीला खरंच थोडं गार वाटायचं.

ते घर मुळात खोटं नव्हतं बरं का. मंगलाबाई नवी नवरी होऊन त्याच घरात शिरली होती, आणि वर्षभराने नवऱ्याच्या मागे सुरतेला निघाली तेव्हा त्याच ओट्यावर सासूच्या गळ्यात पडून रडली होती. नवरा, सुपडू, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागला आणि तिथेच राहिला. मागे सासू-सासरे गेले. मग एका पावसाळ्यात धाबं खचलं. सुपडू गावी जाऊन बघून आला तो चप्पलही न काढता खाली बसला. "घर पडी गयं," म्हणाला. धाकटा भाऊ राघो याने त्या जागेवर कडबा रचला होता, आणि शेताचा वाटा तर कधीचाच त्याच्या नांगराखाली गेला होता. भांडायला सुपडूजवळ सुट्टीही नव्हती आणि छातीही नव्हती. त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "कोनले सांगू नको."

मंगलाबाईने कोणाला सांगितलं नाही. पोटच्या पोरांनाही नाही. पुढे छातीच्या दुखण्याने सुपडू गेला आणि ते पडलेलं घर तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. दोघांत असलेलं खोटं निदान अंथरुणावर पडल्या पडल्या एकमेकांत हसून घालवता येतं. एकटीने काय करायचं? ती ते आणखी रंगवून सांगू लागली. मुलीला, पूजाला, सुरतेतल्याच कोसाडहून मागणी आली तेव्हा तर तिने कहरच केला. होणारे व्याही किसनदादा बशीतून चहा पिता पिता आपल्या गावाकडच्या विहिरीचं वर्णन करत होते. बारमाही पाणी, तळ दिसत नाही. यावर गप्प कसं बसायचं? मंगलाबाईने आपल्या घराला दोन खण वाढवले आणि शेतात कापूस उभा केला. सोयरीक जमली. पूजा सुखात नांदते आहे. पण त्या सुखाच्या पायात आपलं खोटं पुरलेलं आहे असं मंगलाबाईला कायम वाटायचं, आणि कोसाडला गेली की ती व्याह्यांपुढे फार बोलायची नाही.

ललित हा तिचा धाकटा. सुरतेत जन्मला, गुजराती शाळेत दहावीपर्यंत रखडला आणि टेम्पोवर लागला. आई म्हणून मंगलाबाई कितीही पांघरूण घालो, पोरगा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एकदा दोघा-तिघांच्या नादी लागून गोदामातले कापडाचे ताके परस्पर लांबवले. टेम्पो ललितचा, म्हणून सापडला ललित. ती शिक्षा भोगून आला आणि दीड-दोन वर्षांत पानाच्या टपरीवर कोणाचा तरी हात मोडून बसला. पुन्हा खटला, पुन्हा शिक्षा. दुसऱ्यांदा लाजपोरच्या तुरुंगातून सुटून आला तो मात्र वरमलेला होता. जुन्या मित्रांना टाळायचा, वेळेत घरी यायचा, गठ्ठे उचलून द्यायचा, आईने वाढलेलं मुकाट्याने खायचा. मंगलाबाईला त्याचं ते मुकाट्याने खाणं बघून बरंही वाटायचं आणि भरूनही यायचं. गाडी रुळावर आली असं वाटत होतं, आणि तेव्हाच नोटीस आली. सुरत शहर आणि आजूबाजूचे जिल्हे यांतून तुला दोन वर्षांसाठी तडीपार का करू नये, ते येऊन सांग.

मंगलाबाई नोटीस घेऊन उधन्याला योगेंद्र वकिलांकडे गेली. वकील खानदेशातलेच, आधीच्या दोन्ही खटल्यांत त्यांनीच काम पाहिलं होतं.

"शिक्षा तर भोगून झाली साहेब," ती म्हणाली. "आता परत कशाची शिक्षा?"

"ही शिक्षा नाही म्हणतात ते," वकील म्हणाले. "पण राहतं घर सोडायचं, म्हणजे शिक्षाच. आता नीट ऐका, बाई. कायद्याने साहेबांना अधिकार दिलाय, अशा माणसाला ते शहराबाहेर काढू शकतात. काढलंच पाहिजे असं नाही. त्यांच्या मनाला पटलं तर काढतील, नाही पटलं तर राहू देतील. आपल्याला एवढंच पटवायचंय की पोरगा इथेच जन्मला, याचं जे काही आहे ते इथेच आहे, बाहेर याला कोणी नाही. साहेबांनी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणायचं. बाहेर आमचं काही नाही."

मंगलाबाईने मान हलवली. वकिलांना वाटलं, ही बाई खोटं बोलायला कचरते आहे. ती खरं बोलायला कचरते आहे, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. समाजातला एखादा वजनदार माणूस बरोबर आणा, पोराची हमी घ्यायला. वजनदार म्हणजे किसनदादा. कोसाडच्या मंडळाचे ते उपाध्यक्ष होते आणि पांढऱ्या टोपीत दिसायलाही बरे दिसायचे.

सुनावणीच्या दिवशी चौघं गेले. मंगलाबाईने मनात ज्या साहेबाची तयारी केली होती तो करडा, टेबलावर हात आपटणारा होता. हे साहेब तरुण निघाले. "बेसो, माजी," म्हणाले. आईला हाक मारावी तशा त्या एका 'माजी'ने तिचं अर्धं अवसान गळालं. वकिलांनी आपलं सांगितलं. किसनदादांनी टोपी सारखी करून सांगितलं की पोरगा सुधारलाय, मी जबाबदारी घेतो. साहेब लिहून घेत होते, मधूनच ललितकडे बघत होते. त्यांचं ठरत नव्हतं, हे मंगलाबाईलाही दिसत होतं. मग ते तिच्याकडे वळले आणि पोरगा असा कसा झाला, ते विचारलं.

"पोऱ्या वाईट नाही साहेब. संगत वाईट."

"हं. अने गाममां? गाममां घर छे तमारुं?"

आता इथे 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि तोही खरा. पण हा प्रश्न मंगलाबाईला सुरतेत आल्यापासून हरेक माणसाने विचारला होता आणि त्याचं उत्तर तिच्या जिभेला पाठ झालं होतं. त्यात शेजारच्या खुर्चीत व्याही बसलेले. किसनदादांनी तिच्याकडे बघून समजुतीने मान डोलावली. सांगा की विहीणबाई, कळू द्या साहेबांना आपण कुठल्या घरची माणसं आहोत. मंगलाबाईच्या डोळ्यांपुढे पूजा आली, पूजाची सासू आली, कोसाडची सगळी गल्ली आली.

"आहे ना साहेब," ती म्हणाली. "मोठं घर आहे. शेती आहे. दीर आहे तिथे, भरल्या घरचा."

योगेंद्र वकिलांनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखं दिसलं. बिचारे मघापासून अडचणीत होते. ते मोडक्यातोडक्या मराठीत, मायेने, तिला समजावून सांगू लागले. संगत इथली वाईट आहे ना, मग पोराला त्या संगतीतून काढू या. काकाच्या नजरेखाली राहील, शेतात राबेल, माणूस होऊन येईल. "तिथे कोणी नसतं तर मी दहा वेळा विचार केला असता, माजी," ते म्हणाले. आणि त्यांनी खरंच केला असता. त्यांना बोल लावायला कुठे जागाच नव्हती.

जिना उतरताना वकील पुढे निघून गेले. किसनदादा म्हणाले की साहेब माणूस भला आहे. आणि ललित? ललितच्या तोंडावरचा ताण उतरला होता. "टेन्शन नको घेऊस मम्मी," तो म्हणाला. "दो साल तर असे जातील. आपलं घर आहेच ना तिथे." जावळ काढायला नेलं होतं तेव्हा त्याने ते घर पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतंच. त्याला ठाऊक होतं ते आईच्या तोंडून ऐकलेलं. मंगलाबाईने त्या जिन्यावर तोंड उघडलं असतं तरी काही तरी झालं असतं. ती नुसती "हो" म्हणाली.

तिने राघोला फोन केला. तो म्हणाला, "येऊ द्या." येऊ द्या म्हणायच्या अनेक तऱ्हा असतात, आणि ही त्यांतली सगळ्यात वाईट होती. पण त्या काडीलाही ती धरून राहिली. रक्ताचा काका आहे, दाराशी आलेल्या पोराला हाकलणार थोडाच. उधना स्टेशनवर ललितला गाडीत बसवून ती परत आली, खोलीत शिरली, आणि तिला पहिल्यांदा कळलं की ही खोली किती मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ येऊन गेल्यावर फोन आला.

"पोहोचलो."

"घर?" तिने विचारलं. आता तो विचारेल, मम्मी, इथे तर कडब्याची गंज आहे, घर कुठे आहे?

"घर छान आहे," ललित म्हणाला. "भिंती काय जाड आहेत! पंखाच लागत नाही."

मंगलाबाई फोन कानाला लावून उभीच राहिली. हे शब्द तिचेच होते. लहानपणी त्याला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवताना तिने सांगितलेलं घर तो तिला परत सांगत होता. तिला वाटलं, राघोच्या घरात असेल आणि आईला वाईट वाटू नये म्हणून आपलं म्हणत असेल. पण आठवड्याने राघोचाच फोन आला. "वहिनी, पोरगा दुसऱ्याच दिवशी निघून गेला बरं. पुढे त्याचं काही झालं तर माझ्याकडे बोट नको." त्या संध्याकाळी ललितने सांगितलं की ओट्यावर झोपलं की पहाटे गार वारा येतो.

मग हे रोजचंच झालं. तो घर सांगायचा आणि ती ऐकायची. इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेलं घर आता तिला ऐकावं लागत होतं. तो खरा कुठे आहे, काय खातो, कुठे पडतो, हे विचारायचं म्हटलं तर आधी तिलाच कबूल करावं लागणार होतं. फोन ठेवला की ती एका माणसाचा भात टाकायची. बायकांनी एकदा दुपारी म्हटलं, "मंगलाबाई, तुमचं घर सांगा," तर ती कात्री टाकून आत निघून गेली. इतकं एकटं तिला सुपडू गेल्यावरही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रडता येत होतं.

शेवटी एक दिवस ती उठली आणि उधन्याला गेली. योगेंद्र वकिलांपुढे बसून तिने सगळं ओकून टाकलं. घर पडलं, शेत गेलं, पोरगा काकाकडेही नाही.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" वकील जवळजवळ ओरडलेच.

"व्याही बसले होते."

वकिलांचा राग तिथेच विरला. ते खानदेशातलेच होते, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, की गांधीनगरला वरच्या साहेबांकडे दाद मागता येते, मुदत अजून गेलेली नाही. खालच्या साहेबांनी जे मनावर घेतलं ते वरचे साहेब फिरवू शकतात. पण तुम्हाला सरळ सांगावं लागेल की आधी सांगितलं ते खरं नव्हतं. आणि तुमच्या व्याह्यांनाही आधी कळलेलं बरं, नाहीतर ते भलतंच काही बोलून बसतील.

मंगलाबाई कोसाडला गेली. पूजा चहा टाकायला आत गेल्याचं बघून तिने किसनदादांना सांगून टाकलं. मान खाली घालून, एका दमात. वर बघितलं तर किसनदादा आढ्याकडे बघत होते. मग त्यांना हसू फुटलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आमची ती विहीर आहे ना, बारमाही?"

"हो."

"ती ग्रामपंचायतीची आहे."

आणि मोठ्याने हसले. मग डोळे पुसत म्हणाले, की आमचं घर तर माझ्या बापानेच विकलं. इथे कोसाडला कोणाचं आहे म्हणता? सगळ्यांचं असंच. तुम्ही एवढं मनावर घेतलंत कशाला?

मंगलाबाईला हसता आलं नाही. ज्या माणसापुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून तिने पोराला घालवलं, तो माणूस मांडीवर थाप मारून हसत होता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने चहा घेतला आणि निघाली.

आता ललितला सांगायचं राहिलं होतं, की या वेळी साहेबांपुढे घर नाही असं खरंच बोलायचं. वकील स्वतः फोन करणार होते, पण मंगलाबाई म्हणाली, "मी सांगते त्याला." आईने आईच्या तोंडाने सांगितलं पाहिजे, असं तिला वाटलं. आणि रोज संध्याकाळी ती ठरवून बसायची. फोन यायचा. ललित म्हणायचा, आज अंगण सारवून घेतलं. त्याचा आवाज उत्साहाचा असायचा, आणि त्या उत्साहावर पाणी ओतायला तिची जीभ उचलायची नाही. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता सुनावणी आली. वकिलांनी विचारलं, सांगितलं ना? ती हो म्हणाली. हे तिचं शेवटचं खोटं, आणि तेच सगळ्यात महागात पडलं.

सुनावणी पडद्यावरची होती. वरचे साहेब गांधीनगरला, मंगलाबाई वकिलांच्या ऑफिसात उधन्याला, आणि ललित त्याच्या मोबाइलवर. काँप्युटरवर एका चौकोनात तो दिसला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा, गालांची हाडं वर आलेली. महिन्यांनी दिसलं पोर, तेही तळहाताएवढं. मंगलाबाईचा हात आपोआप पडद्याकडे गेला आणि वकिलांनी तो हळूच खाली घेतला.

वरच्या साहेबांनी आधी ललितलाच विचारलं, की तिकडे राहण्याची सोय कशी आहे.

"सारी छे, साहेब," ललित म्हणाला. "अमारुं पोतानुं घर छे. बतावुं?"

आणि आपलं स्वतःचं घर दाखवायला त्याने फोन फिरवला. पांढरा चुना दिलेली भिंत. निळं दार. ओटा, शेणाने सारवलेला. अंगण, निंबाचं झाड, आणि झाडाला म्हैससुद्धा बांधलेली होती.

मंगलाबाई खुर्चीवरून उठली. "साहेब, ते आमचं नाही," ती म्हणाली. आवाज फाटला. "आमचं घर पडलं साहेब. कधीचंच पडलं. मी खोटं बोलले होते. त्याला तिथे कोणी नाही. आमचं कुठेच काही नाही साहेब, ही एक खोली आहे, त्याला इथे येऊ द्या."

वरच्या साहेबांनी चष्मा काढला. वय झालेला माणूस होता, नातवंडं असतील. "माजी," ते हिंदीत म्हणाले, "पहिल्या वेळी तुम्हीच सांगितलंत घर आहे. आज मुलगा स्वतः घरापुढे उभा राहून दाखवतोय. आता तुम्ही म्हणता नाही. आई आहात, मुलगा जवळ हवा असतो, मी समजू शकतो." मग वकिलांकडे बघून म्हणाले की हुकूम आहे तसाच राहील. चौकोन एकेक करून विझले.

आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत त्या घराबद्दल खरं बोलली होती, आणि कोणी विश्वास ठेवला नाही. वकील काही तरी बोलत होते. तिला ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी फोन आला.

"तू असं का बोललीस, माय?" ललित म्हणाला. तिकडे गेल्यापासून तो तिला मम्मी म्हणायचा बंद झाला होता. "मी सगळं जमवून आणलं होतं."

"घर पडी गयं, ते माले माहीत व्हतं रे," ती म्हणाली. "पहिलेपासून."

मग सांगू लागला. आई पहिल्या साहेबापुढे खोटं बोलली, हे त्याला गावात पाय ठेवल्या ठेवल्या कळलं होतं. साहेबापुढे खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते त्याने तुरुंगात ऐकलं होतं. उद्या कोणी चौकशी केली तर म्हातारीला उचलतील, या भीतीने त्याला झोप नव्हती. म्हणून नवा शर्ट घेतला, गावी गेला, काकाच्या हातापाया पडून म्हणाला, दहा मिनिटं तुमच्या ओट्यावर उभं राहू द्या. निंबाला बांधलेली म्हैसही काकाचीच.

"मग तू राहस कोठे?"

"नवापूरला. हायवेवर पंक्चरचं दुकान आहे, तिथेच काम, तिथेच झोपतो."

"नवापूर कशाला? शहर तरी धरायचं."

"इथून सुरत जवळ पडते," ललित म्हणाला. "सुरतेच्या गाड्या थांबतात. नंबर ओळखीचे वाटतात." आणि मग तो रडायला लागला. तीही रडली. मोकळी रडली. आता दोघांमध्ये काही लपवायचं उरलं नव्हतं, आणि तिला वाटलं, चला, निदान एवढं तरी बरं झालं.

पण बरं काही झालं नाही. खरं बोलायला लागल्यापासून फोन आखूड झाले. काय केलंस? पंक्चरं काढली. तू? धागे कापले. जेवलास? हो. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायची आणि कोणी तरी म्हणायचं, ठेवतो, ठेव. कधी कधी तो दोन दोन दिवस फोनच करायचा नाही. करून सांगणार काय? मंगलाबाई संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायची. ती चुकचुकायची ती खरं तर त्या खोट्या घरासाठी. तिथे रोज तासभर मायलेक एकत्र राहत होती. आता ती इथे, तो तिथे, आणि मध्ये सगळं खरंखुरं अंतर. हुकुमाची बरीच मुदत अजून शिल्लक होती.

वैशाख संपत आला. पत्रा दिवसभर तापून संध्याकाळी कडकड वाजायचा. एका दिवशी तिनेच फोन लावला. काय केलंस, जेवलास का, सगळं विचारून झालं. तो "ठेवतो" म्हणणार, एवढ्यात ती बोलली.

"ललित, पाऊस येईल आता. धाब्यावर नवी माती टाकी का रे?"

पलीकडे ट्रकचा आवाज आला आणि गेला. तिला वाटलं, चिडला असेल, किंवा आईचं डोकं फिरलं असं वाटलं असेल.

"नाही अजून," तो सावकाश म्हणाला. "उद्या टाकसू, माय. खदानीवरून पांढरी माती सांगितली आहे."

"कोपऱ्यात जास्त टाक. तिथेच गळतं."

"हो, दिसला मला कोपरा. वर चढून बघितला."

"पडशील रे, सांभाळून. शिडी जुनी आहे," मंगलाबाई म्हणाली, आणि भिंतीला टेकून नीट बसली.